पोटगाठ

१

आमच्या लाँड्रीतून गेलेला गठ्ठा वाटेत सुटला, असं आजवर झालेलं नाही. इस्पितळाच्या चादरी असोत नाहीतर हॉटेलचे टॉवेल, टेम्पोतून खाली फेकला तरी आमचा गठ्ठा गठ्ठाच राहतो. कारण आमची गाठ. माझ्या नवऱ्याने ती शोधून काढली. तो स्वतः कुठे टिकला नाही, गेला निघून, पण गाठ टिकली. दोरीचे दोन वेढे, एक आडवा फास, आणि उरलेलं टोक, ज्याला आम्ही शेपटी म्हणतो, ते बाहेर लोंबत ठेवायचं नाही. गाठीच्या पोटात खुपसायचं. म्हणून पोटगाठ. ओढाल तेवढी आवळते, ओली झाली की दगड. सोडायची एकच रीत. शेपटी आधी आणखी आत ढकलायची, मग वर उचलायची. नवखा माणूस हमखास ओढत बसतो, नखं मोडून घेतो आणि शेवटी कात्री मागतो.

ही गाठ तिघांना येते. मला, माझ्या नणंदेला आणि माझ्या पोराला.

त्या सकाळी मी लाँड्रीचं दार उघडलं, आदल्या संध्याकाळी बांधलेला एक गठ्ठा पुढे ओढला आणि गाठीला हात घातला, तर सुटेना. मला सुटेना! हरभऱ्याएवढी आवळून बसलेली. दोरीचं सूत जागोजागी उपटलेलं, नखांनी खरवडल्यासारखं. आणि दोरी दमट होती. खोली कोरडी, चादरी कोरड्या, तेवढी गाठच दमट.

नणंद मागून बघत होती. आम्ही दोघी मिळूनच लाँड्री चालवतो. ती विधवा, मी सोडलेली, तोंडाने दोघी सारख्या.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

"उंदीर कुरतडतो, वन्सं. ओढत बसत नाही."

"मग शिकलेला उंदीर असेल. हल्ली सगळे शिकलेत, तू आणि मी सोडून."

मी कात्रीने दोरी कापली. आमच्या गठ्ठ्याची दोरी कापायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली, आणि मला त्याचा फार राग आला. राग आला की मी जास्त विचार करत नाही. ही माझी सवय आहे आणि ती मी बदलणार नाही.

२

पोरगा घरात होता. पण कसा होता, ते सांगते.

लहानपणी उशिरा बोलायला लागला, म्हणून घरात त्याला मुक्याच म्हणायचे. फौजेत गेला तेव्हा मी पेढेबिढे वाटले नाहीत. पगार वेळेवर मिळेल, एवढंच डोक्यात होतं. मग लढाई लागली. लढाईत त्यांच्या तुकडीने एका गावातून एक माणूस पकडला. कोण म्हणतं तो हेर होता, कोण म्हणतं रोजंदारीवरचा मजूर. मला काय करायचंय! त्याचे हात मागे बांधून त्याला एका रिकाम्या खोलीत ठेवलं आणि पहाऱ्याला माझा मुक्या. सकाळी तुकडी निघायच्या वेळी तो माणूस मेलेला. छातीत गोळी, अगदी जवळून.

मुक्याने सांगितलं, त्याने हात सोडवून घेतले, अंगावर येऊन माझा गळा धरला, म्हणून गोळी घातली. दोरी खोलीतच पडलेली होती, सुटलेली, न कापलेली. तुकडीला ते पटलं. पण वर कुणाला तरी पटलं नाही. लष्कराचं कोर्ट बसलं. बांधलेल्या कैद्याला मारणं हा लढाईतसुद्धा खून धरतात, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, लढाईत सगळं खपतं.

आत दोघंच होते. एक गेला. दुसरा माझा.

खटला आमच्याच गावातल्या छावणीत होता, म्हणून मुक्याला घरी राहू दिलं. दारात एक शिपाई बसवला होता. तो दिवसभर स्टुलावर बसून शेंगा फोडायचा आणि टरफलं आमच्या उंबऱ्यात टाकायचा. गल्लीतल्या बायका खालच्या नळावर माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीने मात्र मुद्दाम विचारलं, "काय हो, मुलगा घरीच असतो वाटतं आता?" मी म्हटलं, "हो. तुझा कुठे असतो ते तुला तरी माहीत आहे का?" तेव्हापासून मला नळ मोकळा मिळायला लागला.

घर वर आणि लाँड्री खाली. मुक्या खाली यायचा, इस्त्री करायचा, काही बोलायचा नाही. मला वाटलं, कोर्टाची धास्ती. पण एक गोष्ट मी बघत होते. गठ्ठे बांधायची वेळ आली की तो उठून वर जायचा.

३

मग गठ्ठ्यांचं रोजचंच झालं. सगळे नाहीत. कधी एक, कधी दोन. गाठ खडा झालेली, सूत उपटलेलं, शेपटी ओढून ओढून लोंबायला लागलेली. पण सुटलेली एकही नाही. जो कोण होता, त्याला गाठ येत नव्हती. तो नवख्यासारखा ओढत होता.

मी कुलूप बदललं. खिडकीला जाळी मारून घेतली. उंदराचं औषध ठेवलं, ते तसंच राहिलं. मला तर वाटायला लागलं की कुणी गिऱ्हाईक फोडायला हे करतंय, पलीकडच्या चौकातला तो मशीनवाला असेल. पण मशीनवाला येऊन नुसत्या गाठी कशाला चाचपेल? काही चोरेल, काही जाळेल.

एकदा भर दुपारी मी टबातल्या चादरी पिळत होते. माझ्या एप्रनची गाठ पाठीवर असते, साधी गाठ. कुणीतरी ती ओढली. पहिल्यांदा हळू. मग जोरात, मग पुन्हा हळू.

"वन्सं, चेष्टा बास. हात भरलेत माझे."

"काय गं?" नणंद म्हणाली. ती माझ्या समोर उभी होती, काउंटरपाशी, गिऱ्हाइकाची पावती फाडत.

एप्रन सुटून पायात पडला. मी मागे बघितलं. मागे भिंत. भिंतीवर ओल.

साधी गाठ होती, कामाच्या हिसक्याने सुटली असेल. मी तसंच म्हटलं स्वतःला. आजही म्हणेन, कुणी विचारलं तर.

४

मुक्याची बाजू मांडायला लष्करानेच एक कप्तान दिला होता. कपड्याला एक चुणी नाही, पँटच्या घडीवर बोट कापेल अशी धार. आम्ही त्याचं नाव इस्त्री ठेवलं. तो घरी आला, खुर्ची पुसून बसला आणि म्हणाला, "मावशी, सगळा खटला एका गाठीवर आलाय."

त्याने समजावलं. कैद्याचे हात मुक्यानेच बांधले होते, आमच्या पोटगाठीने. सरकारी बाजूचा मेजर म्हणत होता की ही गाठ बांधलेल्या माणसाला स्वतः सोडता येणं शक्य नाही. तीन जवानांचे हात बांधून त्याने बघितलं होतं, एकालाही जमलं नाही. म्हणजे हात बांधलेलेच होते. म्हणजे तुमच्या मुलाने बांधलेल्या माणसाला मारलं, आणि नंतर दोरी सोडली, कारण सोडता फक्त त्यालाच येते. शिवाय डॉक्टरने त्याच दिवशी तपासलं तेव्हा मुलाच्या गळ्यावर बोटांची एकही खूण नव्हती.

"खुणांचं मी बघतो," इस्त्री म्हणाला. "पकड घट्ट बसायच्या आत गोळी लागली, असं म्हणता येईल. पण गाठ? गाठीचं मी काय करू?"

"काय हवंय?"

"कोर्टासमोर कुणीतरी ती सोडून दाखवायची. हात मागे बांधलेले असताना. तुम्ही त्या कामातल्या आहात. तुमच्या वयाच्या बाईला जमतं म्हटल्यावर तरण्या पुरुषाला जमलं असेलच, असं मला म्हणता येईल. जमेल का?"

मुक्या खिडकीपाशी उभा होता. पाठ आमच्याकडे.

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. "जमतंच मला."

नणंदेने माझ्याकडे असं बघितलं की मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

जमत नव्हतं. कुणालाच जमणार नाही, म्हणून तर ती गाठ आमची. हात मागे बांधले की शेपटी मनगटांच्या मधल्या खळगीत जाते. बोटं तिथे पोचतच नाहीत. दुसऱ्या माणसाला ती निमिषात सोडता येते, ज्याचे हात बांधलेत त्याला जन्मात नाही. हे मला माहीत होतं, नणंदेला माहीत होतं. म्हणजे मुक्या खरं बोलत नव्हता, हेही मला त्याच क्षणी कळलं.

कळलं तर कळलं. मी त्याची आई आहे, त्या मेलेल्याची नाही. त्याला त्याची असेल कुठेतरी. तिने तिचं बघावं.

५

इस्त्री गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि हात मागे केले. "बांध," मी मुक्याला म्हटलं.

"आई, नको."

"बांध म्हणते ना! फाशी तुला लागणार आहे, मला नाही."

त्याने बांधलं. बघितलंसुद्धा नाही, बोटं आपोआप चालली. दोन वेढे, फास, शेपटी पोटात. आणि शेवटी त्याने त्या गाठीवर हाताने थाप मारली. गठ्ठा बांधून झाला की आम्ही मारतो तशी. सगळ्यांची सवय ती, लहानपणापासूनची. थाप मारली आणि तो असा मागे सरकला, जणू विंचू चावला.

"काय झालं?"

"काही नाही."

त्या थापेने मला गठ्ठा झाल्यासारखं वाटलं. मी बोटं वळवली, मनगटं फिरवली, दातओठ खाल्ले. दोरी आवळत गेली. थोड्या वेळाने बोटांना मुंग्या आल्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना.

"सैल कर जरा," मी म्हटलं. "मुंग्या आल्यात."

मुक्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. एवढा मोठा माणूस, फौजेतला, लहान पोरासारखे कानांवर हात ठेवून भिंतीला टेकला. शेवटी नणंद पुढे आली आणि तिने मला सोडलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे तुला जमायचं नाही. आणि जमू नये."

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"मला कुणी विचारत नाही म्हणून तर मी खरं बोलते."

६

पण मी सोडणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नणंदेला वाळवणीच्या खोलीत नेलं. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या आणि दोऱ्यांवर ओल्या चादरी. आत शिरलं की पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही आणि बाहेरचा आवाज कापसातून आल्यासारखा येतो. मी स्टुलावर बसले. नणंदेने बडबडत माझे हात बांधले आणि माझ्या मागेच उभी राहिली.

मी झटत राहिले. घाम आला, दोरी दमट झाली. दमट दोरी. ते माझ्या लक्षात आलं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग मागून बोटं आली. गाठीवर फिरायला लागली. आंधळा माणूस तोंड चाचपतो तशी, या कडेवरून त्या कडेला. मग ओढायला लागली.

"ओढू नका हो," मी वैतागून म्हटलं. "ओढून काय सुटते का? डोकं फिरलंय का तुमचं?"

बोटं थांबली. मग पुन्हा ओढायला लागली, चुकीच्या बाजूने.

"अहो, शेपटी पोटात आहे ना! ती आधी आत ढकला. आत. अजून. हं. आता वर उचला. आधी आत, मग वर. किती वर्षं बांधताय तुम्ही ही गाठ!"

शेपटी आत गेली. मग वर आली. दोरी सैल होऊन स्टुलामागे पडली. बोटं क्षणभर माझ्या मनगटावर राहिली. गार नव्हती. सुजलेली होती, लाकडासारखी बधिर, स्वतःला काही लागत नसल्यासारखी.

"झालं," मी हात चोळत म्हटलं. "जमलं एकदाचं तुम्हाला."

आणि तेव्हा मला नणंदेचा आवाज आला. लांबून, पुढच्या दारातून. ती पहाऱ्याच्या शिपायावर ओरडत होती. "टरफलं उचल आधी! तुझ्या आईने वळण लावलंय की नाही? केव्हाची सांगतेय मी!"

केव्हाची.

मी वळले नाही. स्टुलावरून उठले, समोरची चादर बाजूला केली, मग तिच्या पुढची, मग पुढची, आणि सरळ चालत दारातून बाहेर आले. पळाले नाही. आपण पळालो तर मागे कुणी आहे हे कबूल केल्यासारखं होतं.

७

त्यानंतरच्या सकाळी लाँड्रीतले सगळे गठ्ठे सुटलेले होते. दोऱ्या सरळ करून गठ्ठ्यांशेजारी ठेवलेल्या. एकही सूत उपटलेलं नाही. ज्याला शिकायचं होतं त्याचं शिकून झालं होतं.

नणंद उंबऱ्यातच उभी राहिली. आत येईना.

"वहिनी, कोर्टात जाऊ नकोस."

"का? आता तर जमतंय."

"कुणाला जमतंय?"

मी गठ्ठे पुन्हा बांधायला घेतले. मी वेडी नव्हते. मला नीट कळत होतं की मदत कुणाची येणार आहे आणि कशाला. कशाला, ते मात्र मी चुकीचं समजले. मला वाटलं, त्या मेलेल्याला एवढंच हवंय की ही गाठ सुटावी. ज्या गाठीत जीव अडकला ती सुटली की माणूस जाईल आपल्या वाटेने. त्याचंही भलं, माझ्या पोराचंही. दोघांचं एकाच दोरीत जमतंय, तर जमू दे.

माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत, ते मला सांगू नका. तुमचं पोरगं तिथे उभं नव्हतं.

८

कोर्ट म्हणजे छावणीतला एक हॉल. भिंतींना अर्ध्यापर्यंत हिरवा रंग, लांब टेबल, टेबलामागे अधिकारी, मधोमध एक कर्नल, डोक्याने पांढरा. डावीकडे सरकारी बाजूचा मेजर. त्याच्या शर्टाची कॉलर घरी धुतलेली होती, नीळ जास्त झालेली. एवढ्या मोठ्या माणसाची कॉलर बायको धुते की स्वतः, असं काहीतरी मी मनात बोलत राहिले. भीती वाटली की मी कपडे बघते.

"याच दोरीने बांधा," मेजर म्हणाला आणि पुराव्याच्या पिशवीतून दोरी काढली. आमचीच दोरी. मुक्या फौजेत जाताना लाँड्रीतलं एक वेटोळं घेऊन गेला होता, सामान बांधायला. तिच्यावर काळपट डाग होते. डाग कसले, ते मला कपड्यांवरून कळतं.

"आणि आरोपीनेच बांधावं," मेजर म्हणाला. "तेव्हा बांधलं तसंच."

कर्नलने मान हलवली. मुक्या माझ्या मागे आला. गाठ चोख बसली. या वेळी थाप मारली नाही. मेजरने येऊन गाठ तपासली, ओढून बघितली, मी कळवळले तरी पुन्हा ओढून बघितली.

"करा सुरू, बाई," कर्नल म्हणाला.

मी बोटं वळवण्याचं सोंग केलं. हॉल शांत होता. पंखा कुरकुरत होता. काही झालं नाही. कुणी खोकलं. मेजर हसू दाबत होता. मुक्या कठड्यात उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागे बघत होता. माझ्या खांद्यावरून, जरा वर. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

बोटं आली.

गाठीवर आली आणि तिथेच थांबली. ओढली नाही, ढकलली नाही. नुसती थांबली. दारात उभा राहिलेला माणूस आत येऊ का म्हणून थांबतो तशी. मला तेव्हा म्हणता आलं असतं, "साहेब, ही सुटत नाही." चार शब्द. मग पोरगा गेला असता. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सोड," मी ओठातल्या ओठात म्हटलं.

शेपटी आत गेली. मग वर. दोरी फरशीवर पडली आणि मी दोन्ही हात पुढे आणून सगळ्यांना दाखवले.

मेजर काहीतरी ओरडायला लागला. इस्त्रीने टेबलावर मूठ आपटली, पहिल्यांदाच त्याच्या बाहीला चुणी पडलेली मी बघितली. निकाल त्याच आठवड्यात लागला. कर्नलने उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मृताने स्वतःचे हात मोकळे केले. मोकळ्या हातांनी त्याने आरोपीचा गळा धरला. आरोपी निर्दोष.

कोर्टाने सांगितलं म्हणजे ते झालं. ठरलं. त्याचे हात मोकळे होते.

९

घरी आल्यावर मी गोडाचं केलं. पहाऱ्याचा शिपाई गेला, स्टूल गेलं, टरफलं गेली. लाँड्रीतले गठ्ठे सकाळी जसेच्या तसे बांधलेले सापडायला लागले. मी नणंदेला टोमणा मारला, "बघितलंत? गेला की नाही तुमचा शिकलेला उंदीर?"

ती म्हणाली, "त्याला आता गाठींची गरज राहिली नाही, वहिनी."

एका दुपारी मुक्या जेवायला बसला आणि घास गिळताना थांबला. पुन्हा गिळला, पुन्हा थांबला. मी त्याच्या कॉलरचं वरचं बटण काढलं. गळ्यावर एका बाजूला चार पुसट डाग, दुसऱ्या बाजूला एक. लालसुद्धा नव्हेत, गुलाबी. नुकतं चालायला लागलेलं मूल बोट धरतं, तेवढ्याच जोराचे. मी माझी बोटं त्यांच्यावर ठेवून बघितली. माझा हात लहान पडला.

"हे कधीपासून?"

"निकालापासून," मुक्या म्हणाला. "आधी नुसतं टेकल्यासारखं वाटायचं. आता जरासं धरतो."

नणंद ताट घेऊन आत निघून गेली. मी दार लावलं आणि जे मी महिनोन् महिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

"हात बांधलेले होते?"

"हो."

"मग का रे?"

त्याने कॉलरचं बटण पुन्हा लावलं. "तो सारखा एकच बोलत होता. आपल्या भाषेत, मोडकंतोडकं. जरा सैल कर, मुंग्या आल्यात. मारू नको म्हणाला नाही, सोड म्हणाला नाही. जरा सैल कर. संध्याकाळपासून तेच. आदल्या दिवशी आमचे दोघं गेले होते, त्यातला एक माझ्या शेजारी झोपायचा. मला ऐकवेना, आई. मी म्हटलं गप बस. तो गप बसेना." मग म्हणाला, "नंतर मी सैल केलं."

मी त्याच्या मुस्काटात मारली. मग त्याचं डोकं पोटाशी धरलं. दोन्ही केलं आणि दोन्ही मनापासून केलं.

१०

काल दुपारी मी वाळवणीच्या खोलीत चादरी काढायला गेले. तिथे आवाज येत होता. कोरडा, संथ, एकसारखा. कातड्यावर कातडं घासल्याचा. मला वाटलं, पत्र्यावर पान घासतंय. दोन चादरी काढल्या. तिसरी ओली होती, तिच्यामागे खिडकीचा उजेड होता, आणि चादरीवर सावली पडली होती. माणसाची नाही. माणूस होता की नाही, ते मला दिसलं नाही. दोन हात दिसले, कोपरापर्यंत. एक हात दुसऱ्याचं मनगट चोळत होता. वर खाली, वर खाली. मग हात बदलले. मग बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. दोरी सुटल्यावर रक्त परत यायला लागतं तेव्हा करतात तसं. घाई नव्हती. मुंग्या जायची वाट बघत होते ते हात.

मी म्हटलं, "मी सोडलं ना तुला? मी सोडलं. धरायचं तर मला धर."

हात चोळत राहिले. माझ्याशी त्यांचं काही नव्हतं.

मी तशीच वर आले. मुक्याला आतल्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. कडी जुनी, हिसक्याने निघते, म्हणून कडीला आणि शेजारच्या खिडकीच्या गजाला दोरी बांधली, जाड, नवी, पाण्यात भिजवून. सगळा जोर लावून आवळली. शेपटी पोटात. थाप मारली. मग दारासमोर खुर्ची टाकून बसले, मांडीवर कात्री घेऊन. येऊ दे कोण येतंय ते.

नणंद जिन्यात आली. तिने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"वहिनी, कोणती गाठ मारलीस?"

मला दुसरी येतच नाही. आमच्यात कुणालाच येत नाही.

खाली चोळण्याचा आवाज चालू होता. इथपर्यंत येत होता, जिन्यातून. ऐकता ऐकता तो थांबला. आतून मुक्याने हाक मारली, "आई?" मी हो म्हटलं. कात्री हातात घेतली आणि उठायला गेले, तेवढ्यात डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, गाठीची शेपटी आत गेली.